शर्यतीच्या जुन्या घड्याळात एवढं काय असतं?

२६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये फिलिप्स या लिलावसंस्थेने एक मनगटी घड्याळ विक्रीला काढलं. साधं स्टीलचं, रोज हाताने चावी द्यावी लागणारं. सोनं नाही, हिरा नाही. लिलावसंस्थेचं शुल्क धरून त्याची किंमत झाली १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर. ही रोलेक्स कंपनीची 'डेटोना' अभिनेते पॉल न्यूमन यांची होती. न्यूमन मोटार शर्यतींत उतरायचे, १९७९ च्या ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत त्यांचा संघ दुसरा आला होता. घड्याळ त्यांना पत्नी जोन वुडवर्ड यांनी दिलेलं. पाठीमागे तीन इंग्रजी शब्द कोरलेले होते, अर्थ एवढाच: जपून चालव, मी.

अशी बातमी आली की दोन प्रश्न हमखास येतात. हातातला फोन याहून कितीतरी अचूक वेळ मोजतो, मग हे कशाला? आणि नवीन असताना काही शे डॉलरांत मिळणाऱ्या वस्तूला एवढी किंमत येते कुठून? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. श्रीमंतांची हौस म्हणून ते उडवून लावले तर हातून एक फार सुंदर विषय निसटतो. पॉल न्यूमन यांचं नाव क्षणभर बाजूला ठेवू आणि त्या यंत्रापासून सुरुवात करू.

एका घरात दोन यंत्रं

ज्या घड्याळात वेळ दाखवण्याबरोबर हवं तेव्हा सुरू, बंद आणि शून्यावर करता येणारा वेगळा सेकंदकाटा असतो, त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. म्हणजे नेहमीचं घड्याळ आणि स्टॉपवॉच एकाच डबीत. नाव ग्रीक शब्दांवरून आलं, अर्थ 'काळ लिहिणारा'. १८२१ मध्ये पॅरिसला निकोला र्‍यूसेक यांनी घोड्यांच्या शर्यतीसाठी केलेलं यंत्र खरोखरच लिहायचं. घोडा रेषेपार गेला की फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडायचा. पुढे शाई गेली, नाव राहिलं.

आत काय घडतं ते समजायला सायकलचा जुना डायनामो आठवा. दिवा लागत नाही तोवर डायनामो चाकापासून सुटा असतो. खटका दाबला की तो फिरत्या टायरला टेकतो आणि फिरू लागतो, पायांना मात्र थोडं जड जातं. क्रोनोग्राफचं तसंच. घड्याळ आपल्या चालीने चालू असतं. वरचं बटण दाबलं की एक छोटं दातेरी चाक सरकून फिरत्या चाकाला जाऊन भिडतं आणि मधला लांब काटा धावू लागतो. पुन्हा दाबलं की चाक सुटतं, काटा थांबतो. दोन्ही यंत्रं एकाच स्प्रिंगवर चालतात, त्यामुळे स्टॉपवॉच चालू असताना घड्याळावर खरोखरच ओझं पडतं.

मला यातला सगळ्यात लोभस भाग वाटतो तो काटा शून्यावर येण्याचा. काटा १० सेकंदांवर असो की ५० वर, खालचं बटण दाबलं की तो एका झटक्यात बारावर येतो. त्याला रस्ता कोण सांगतं? काट्याच्या दांड्यावर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा एक चपटा तुकडा असतो. बटण दाबलं की एक छोटी हातोडी त्याच्या कडेवर आदळते. वाटीत गोटी कुठूनही सोडली तरी शेवटी तळाशीच येते. हातोडीच्या दाबाखाली हा बदामही असाच फिरतो आणि खाचेत येऊन थांबतो. ही कल्पना अ‍ॅडॉल्फ निकोल यांची, पेटंट १८४४ चं. दीडशेहून अधिक वर्षं झाली, यांत्रिक क्रोनोग्राफ आजही याच बदामावर चालतात.

तबकडीवरच्या छोट्या गोल तबकड्यांचंही कोडं नाही. बहुतेक जुन्या शर्यती-घड्याळांत त्या तीन असतात: एकीवर घड्याळाचे नेहमीचे सेकंद, दुसरीवर मोजलेली मिनिटं (बहुधा ३० पर्यंत), तिसरीवर तास (१२ पर्यंत). पांढऱ्या तबकडीवर काळी वर्तुळं असली तर संग्राहक तिला 'पांडा' म्हणतात.

कडेचे आकडे काय सांगतात?

काचेभोवतीच्या कडीवर ६० पासून २०० आणि त्याच्याही पुढचे आकडे छापलेले असतात. ही टॅकीमीटर पट्टी, म्हणजे वेळेवरून वेग सांगणारा तयार तक्ता. रस्त्यावरच्या एका किलोमीटरच्या खुणेशी बटण दाबा, पुढच्या खुणेशी पुन्हा दाबा. काटा ३० सेकंदांवर थांबला तर समोर १२० लिहिलेलं दिसेल, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. तासात ३६०० सेकंद असतात, त्याला ३० ने भागलं की झालं. भागाकार आधीच करून कडीवर लिहून ठेवलाय, इतकंच. मैलाच्या खुणा असतील तर उत्तर मैलांत येतं.

या पट्टीची मर्यादा तिच्यावरच दिसते. ३० व्या सेकंदापासून ६० व्या सेकंदापर्यंत, म्हणजे अर्ध्या तबकडीत, वेग १२० वरून ६० वर येतो. पण १५ ते ३० या पाव तबकडीत तो २४० वरून १२० वर कोसळतो. बटण सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने उशिरा दाबलं गेलं, तर ताशी १२० ला फरक एका किलोमीटरहूनही कमी पडतो आणि ताशी २४० ला सुमारे ३ किलोमीटरचा. गाडी जितकी वेगवान, तितकं बोट अचूक हवं.

बोट अचूक असलं तरी यंत्राचीही हद्द असते. घड्याळात एक झुलतं चाक असतं आणि त्याच्या प्रत्येक झोक्याला काटा एक पाऊल पुढे पडतो. साठच्या दशकातल्या बहुतेक क्रोनोग्राफांत हे ठोके तासाला १८,०००, म्हणजे सेकंदाला ५ पडतात. त्यामुळे अशा घड्याळाला सेकंदाच्या पाचव्या हिश्शापेक्षा बारीक काही मोजताच येत नाही. फूटपट्टीवर फक्त सेंटिमीटरच्या रेघा असतील तर मिलिमीटर कुठून वाचणार? १९७१ मध्ये इटलीतल्या मोंझाच्या फॉर्म्युला वन शर्यतीत पीटर गेथिन यांनी रॉनी पीटरसन यांना ०.०१ सेकंदाने हरवलं. तो निकाल मनगटावरच्या कोणत्याही घड्याळाने लागला नसता.

मग शर्यतीत ही घड्याळं वापरत कोण होतं?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. भरधाव गाडीत बसलेला चालक मनगटाकडे बघून वेग मोजतोय, हे चित्र जाहिरातींनी तयार केलं. घड्याळांचं खरं काम दोन ठिकाणी चालायचं. एक म्हणजे रॅलीत. तिथे नुसतं वेगात जाऊन भागत नाही, ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी पोहोचावं लागतं, म्हणून शेजारी बसलेला माणूस सतत हिशेब करत असतो. दुसरं म्हणजे पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या संघांच्या जागेत, जिथे प्रत्येक फेरीची वेळ हाताने टिपली जायची. साठच्या दशकात हे काम अनेकदा चालकांच्या पत्नी करत. ऑस्ट्रियाचे चालक योखेन रिंट १९७० मध्ये मोंझाला सरावाच्या वेळी अपघातात मरण पावले आणि त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळालं. त्यांच्या पत्नी नीना रिंट शर्यतीच्या वेळा टिपत असत. त्यांच्या मनगटावर रुंद पट्ट्यावर बांधलेलं युनिव्हर्सल जिनिव्ह कंपनीचं पांढऱ्या तबकडीचं 'कॉम्पॅक्स' त्या काळच्या छायाचित्रांत दिसतं. आज संग्राहक त्या मॉडेलला 'नीना रिंट' असंच म्हणतात. चालकांच्या नावाने ओळखली जाणारी घड्याळं पुष्कळ आहेत. वेळ टिपणाऱ्या माणसाच्या नावाने ओळखलं जाणारं हे एक आहे, आणि मला ते नाव सगळ्यांत यथार्थ वाटतं.

रॅलीतल्या हिशेबाची एक गोष्ट तर एका अख्ख्या घड्याळ-घराण्याच्या मुळाशी आहे. स्विस कंपनी होयर १९३३ पासून गाडीच्या डॅशबोर्डवर बसवायचं 'ऑटाविया' हे यंत्र करत होती. कंपनीच्या घराण्यातले जॅक होयर १९५८ मध्ये एका रॅलीत स्वतः शेजारच्या आसनावर होते. हलत्या गाडीत त्यांनी स्वतःच्याच कंपनीच्या यंत्रावरची वेळ एका मिनिटाने चुकीची वाचली आणि विजय हुकला. तबकडी नीट वाचता येत नसेल तर आतली अचूकता फुकट, हे त्यांना तिथे कळलं. १९६२ मध्ये ऑटाविया हे नाव मनगटी घड्याळाला मिळालं आणि १९६३ मध्ये आलं 'कॅरेरा'. त्याच्या तबकडीवर गर्दी नाही, बारीक सेकंदांच्या रेघाही काचेखालच्या उतरत्या कडीवर सरकवल्या, म्हणजे मधली जागा मोकळी राहील. नाव मेक्सिकोत १९५० ते १९५४ दरम्यान होणाऱ्या 'कॅरेरा पानअमेरिकाना' या जीवघेण्या रस्ता-शर्यतीवरून घेतलेलं.

त्याआधी १९५७ मध्ये ओमेगाने 'स्पीडमास्टर' आणलं होतं. टॅकीमीटर पट्टी तबकडीवरून उचलून बाहेरच्या कडीवर नेली ती त्यांनी. स्पीडमास्टर आज चंद्रावर गेलेलं घड्याळ म्हणून माहीत आहे, पण नावावरूनच कळेल की ते गाड्यांसाठी केलेलं होतं. रोलेक्सनेही १९६३ मध्ये पट्टी कडीवर घेतली आणि पुढे त्या घड्याळाला फ्लोरिडातल्या डेटोनाच्या ट्रॅकचं नाव चिकटलं.

१९६९: एकाच वर्षात तीन पहिले

तोवरच्या क्रोनोग्राफांना रोज चावी द्यावी लागे. हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी घड्याळं होती, पण त्या फिरत्या वजनाबरोबर स्टॉपवॉचही त्याच जागेत बसवणं जमत नव्हतं. १९६९ मध्ये ते तीन ठिकाणी जवळजवळ एकदम जमलं. जानेवारीत झेनिथने 'एल प्रिमेरो' जाहीर केलं, तासाला ३६,००० ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग मोजणारं. मार्चमध्ये होयर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्यूरेन आणि द्युबुआ देप्रा या कंपन्यांनी मिळून केलेलं 'कॅलिबर ११' हे यंत्र आलं. आणि जपानमध्ये सिकोचं ६१३९ त्याच वर्षी विक्रीला आलं. पहिलं कोण, यावर संग्राहकांत आजही वाद रंगतात. जाहीर आधी कोणी केलं, दुकानात आधी कोणाचं आलं, यावर उत्तर बदलतं.

होयरने कॅलिबर ११ चौकोनी डबीत घातलं आणि नाव दिलं 'मोनॅको'. त्याची चावी डावीकडे आहे. यंत्राच्या रचनेमुळे ती तिकडे गेली होती, पण या घड्याळाला रोज चावी द्यावी लागतच नाही म्हणून ती बाजूला ठेवली, असं कंपनीने अभिमानाने सांगितलं. सुरुवातीला मोनॅको फारसं खपलं नाही. त्याच वर्षी होयरने स्विस चालक यो सिफर्ट यांच्याशी करार केला होता. पुढे अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांनी १९७१ च्या 'ल मॉं' चित्रपटासाठी सिफर्ट यांच्यासारखा, होयरचं चिन्ह असलेला पोशाख घेतला आणि त्यासोबत मोनॅको मनगटावर चढवलं. न खपलेल्या घड्याळाला चेहरा मिळाला.

पण १९६९ च्या नाताळातच सिकोने बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत यांत्रिक घड्याळांचे कारखाने धडाधड बंद पडले. १९७५ मध्ये झेनिथच्या अमेरिकी मालकांनी यांत्रिक उत्पादन थांबवून अवजारं विकायचं ठरवलं. शार्ल व्हेरमो या कामगाराने एल प्रिमेरोचे साचे आणि अवजारं गुपचूप माळ्यावर नेऊन लपवली, कशाला काय लागतं याच्या नोंदींसकट. ऐंशीच्या दशकात मागणी पुन्हा आली तेव्हा ती माळ्यावरून खाली उतरली. १९८८ मध्ये रोलेक्सने आपोआप चावी भरणारी पहिली डेटोना काढली, तिच्या आत एल प्रिमेरोवर आधारलेलं यंत्र होतं. एका माणसाने आदेश मोडला नसता तर ते बहुधा तिथे नसतं.

पैसे नेमके कशाचे?

आता मुद्द्याचं. पैसे यंत्राचे असतील असं वाटतं, पण तसं नाही. साठच्या दशकात बहुतेक कंपन्या क्रोनोग्राफचं यंत्र स्वतः बनवत नसत, ते विकत घेत. वाल्जू कंपनीचं 'वाल्जू ७२' हे यंत्र रोलेक्स डेटोनात सुधारणा करून बसवलेलं आहे, होयर कॅरेरात आहे, आणि विश्वविजेते जिम क्लार्क वापरत त्या एनिकार 'शेर्पा ग्राफ'मध्येही आहे. इंजिन तेच, गाडीची नावं वेगळी. तरी या तिघांच्या आजच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पैसे स्टीलचे नाहीत, अचूकतेचेही नाहीत. थोडा वाटा नावाचा, थोडा दुर्मीळपणाचा. पण एकाच कंपनीची, एकाच वर्षाची, एकाच मॉडेलची दोन घड्याळं शेजारी ठेवली आणि एकाला दुसऱ्याच्या पाचपट भाव आला, तर कारण बहुतेक वेळा एकच असतं: पहिलं कोणी बदललेलं नाही. कारखान्यातून निघताना जी तबकडी, जे काटे, जी डबी, जी बटणं एकत्र होती, ती आजही एकत्र आहेत.

जुनं पत्र समजा. शाई फिकी पडली म्हणून कोणी त्याच अक्षरांवर नव्या पेनाने गिरवलं, तर पत्र वाचायला सोपं होईल, पण ते आता त्या माणसाच्या हातचं राहिलं का? जुनं घड्याळ संग्राहक असंच वाचतात, दस्तऐवज म्हणून.

तबकडी: सगळं इथेच ठरतं

अंधारात चमकण्यासाठी काट्यांवर आणि खुणांवर रंग लावलेला असतो. साधारण साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात रेडियम असे, नंतर त्याहून सौम्य ट्रिटियम आलं. ट्रिटियमच्या तबकडीवर खाली सहाच्या आकड्याजवळ 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना बारीक 'टी' छापलेला दिसतो. ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे १९६५ च्या घड्याळात आज मूळच्या तीस-पस्तीसाव्या भागाइतकंच उरलंय. ते चमकणार नाही, चमकायलाच नको. तो रंग आता सायीसारखा किंवा मधासारखा पिवळसर झालेला असतो आणि काट्यांवरचा व तबकडीवरचा रंग साधारण एकसारखा म्हातारा झालेला दिसायला हवा. तबकडी पिवळी आणि काटे पांढरे शुभ्र, तर काटे बदललेत किंवा पुन्हा रंगवलेत. टॉर्चचा उजेड देऊन अंधारात नेल्यावर खुणा बराच वेळ झगझगत राहिल्या तर रंग नवा आहे.

न्यूमन यांच्या डेटोनाची गोष्टही तबकडीचीच आहे. तिच्या छोट्या वर्तुळांतल्या रेघांच्या टोकांना बारीक चौकोन आहेत आणि कडेची सेकंदांची पट्टी वेगळ्या रंगाची आहे. ही तबकडी सिंगर या कारखान्याने केलेली. तेव्हा ती गिऱ्हाइकांना फार रुचली नाही, घड्याळं दुकानांत पडून राहत. आज त्याच डबीत साधी तबकडी असली तर एक भाव, आणि ही 'पॉल न्यूमन' तबकडी असली तर कितीतरी पट. सगळा फरक एका पातळ चकतीचा. मग लोक ती चकती बदलतात, नक्कल करतात, हे ओघानेच आलं.

"खराब झालेली तबकडी महाग? हे कुठलं तर्कशास्त्र?"

काही काळ्या तबकड्यांचा रंग उन्हाने आणि वर्षांनी बदलून चॉकलेटी होतो. मूळ रंगातला तो दोषच होता. संग्राहक अशा तबकडीला 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि जास्त पैसे मोजतात. आक्षेप समजण्यासारखा आहे. पण असा बदल मुद्दाम हुबेहूब घडवणं अवघड असतं आणि दोन तबकड्या सारख्या कधीच तपकिरी होत नाहीत. सरसकट जुनाटपणाला भाव मिळत नाही हेही लक्षात घ्या. ओल शिरून फुगलेली, डाग पडलेली, छपाई उडालेली तबकडी ही निव्वळ खराब तबकडी असते. विकणारे तिलाही 'ट्रॉपिकल' म्हणतात, आपण म्हणू नये.

धातू परत येत नाही

डबीच्या बाबतीत सगळ्यात मोठं नुकसान करते पॉलिश. पट्टा ज्या चार टोकांना अडकतो त्यांच्यावर कारखान्यात धारदार तिरपे कोन काढलेले असतात, काही पृष्ठभाग आरशासारखे, काही बारीक रेघांचे. पॉलिशच्या चाकाने ओरखडे जातात, कारण ओरखड्याभोवतीचा धातू जातो. दोन-तीनदा असं झालं की चार टोकं बारीक आणि गोल होतात, झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी. नवी काच मिळते, नवी स्प्रिंग मिळते, पण गेलेला धातू कोणी परत आणत नाही. मी ओरखड्यांनी भरलेलं, पण कोन शाबूत असलेलं घड्याळ चकचकीत घड्याळापेक्षा केव्हाही निवडेन.

हे मी किंमत देऊन शिकलो. एक जुना क्रोनोग्राफ नुसती तेलपाण्याची देखभाल करायला दिला होता. परत आला तो झळाळत. डबी घासलेली, काटे नवे, जुने काटे 'कामाचे नव्हते' म्हणून टाकून दिलेले. करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्याने त्याच्या परीने घड्याळ सुंदर केलं होतं. पण पन्नास वर्षं जे जपलं गेलं होतं ते एका दुपारी गेलं, आणि त्याची खंत मला अजून आहे.

"म्हणजे दुरुस्ती करायचीच नाही?"

करायची, आणि वेळेवर करायची. तेल सुकलं की धातूवर धातू घासतो आणि चाकांचे दांडे झिजतात. आतलं यंत्र उघडून, धुऊन, तेल देऊन पुन्हा जोडणं याने मूळपणाला धक्का लागत नाही. झिजलेली स्प्रिंग किंवा चाक बदललं तरी जाणकार नाक मुरडत नाहीत. डोळ्यांना जे दिसतं, म्हणजे तबकडी, काटे, डबी, कडी, चावी, बटणं, त्याला मात्र हात लागू नये. घड्याळ देताना कागदावर लिहून द्या: पॉलिश करू नका, तबकडीला आणि काट्यांना हात लावू नका, बदललेला प्रत्येक भाग पुडीत घालून परत द्या. आणि जुन्या क्रोनोग्राफला पाणी दाखवू नका. बटणांच्या फटी वयाबरोबर सैल होतात.

"रेडियम धोक्याचं नाही का?"

ज्यांनी ते लावलं त्यांच्यासाठी भयंकर धोक्याचं होतं. अमेरिकेत १९२० च्या दशकात तबकड्या रंगवणाऱ्या तरुण मुलींना कुंचल्याचं टोक ओठांनी टोकदार करायला शिकवलं होतं. पोटात गेलेल्या रेडियमने त्यांचे जबडे आणि हाडं कुजली, कित्येकींचा जीव गेला. जुन्या घड्याळाचं कौतुक करताना ही किंमत विसरणं मला बरोबर वाटत नाही. आज बंद डबीतलं रेडियम हातात घालणाऱ्याला त्या प्रकारचा धोका देत नाही, पण डबी घरी उघडू नका, रंग खरवडू नका, त्याची भुकटी श्वासात जाऊ देऊ नका. रेडियमची बरीच घड्याळं हवा न खेळणाऱ्या खोलीत एकत्र साठवूनही ठेवू नयेत. रेडियम ट्रिटियमसारखं झटपट संपत नाही, ते निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात.

"जाणकारही फसतातच की"

फसतात, आणि मोठमोठे फसतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या लिलावात १९५७ चं एक तपकिरी तबकडीचं स्पीडमास्टर ३१ लाख १५ हजार ५०० स्विस फ्रँकना गेलं, स्पीडमास्टरसाठी तो विक्रम होता. २०२३ मध्ये कळलं की घेणारा ओमेगाच होता, आपल्या संग्रहालयासाठी. आणि कंपनीनेच जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांतले बहुतांशी अस्सल भाग जमवून जोडलेलं होतं, आणि त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. अशा जोडघड्याळाला संग्राहक 'फ्रँकन' म्हणतात. यातला प्रत्येक तुकडा कदाचित खरा असेल, पण घड्याळ म्हणून तो दस्तऐवज खोटा. कागदपत्रांवर, मोठ्या नावावर किंवा सुंदर छायाचित्रांवर विसंबू नये, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

"पण पैसा वाढतो ना?"

कधी वाढतो, कधी नाही. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत जुन्या-वापरलेल्या घड्याळांचे भाव चढत गेले आणि त्यानंतर बराच काळ उतरले. शिवाय विकताना मधल्या माणसाचा वाटा जातो आणि दर काही वर्षांनी देखभालीचा खर्च येतो. न्यूमन यांच्या घड्याळाची किंमत त्या एका घड्याळाची होती, ती तशाच दिसणाऱ्या दुसऱ्याला लागू होत नाही. माझं मत विचाराल तर, भाव निम्मा झाला तरी जे घालायला आवडेल तेच घ्यावं. फोनशी तुलनाही इथेच सुटते. अचूकता हवी असेल तर फोन आहेच. पण फोनमध्ये वेळ कशी मोजली जाते ते कोणाला दिसत नाही, आणि इथे पाठीचं झाकण उघडलं की चाक सरकताना, भिडताना, हातोडी पडताना डोळ्यांनी बघता येते.

सुरुवात करायची तर

रोलेक्स आणि पहिल्या काळातलं ओमेगा बाजूला ठेवा. सिकोचं ६१३९ हे माझ्या मते शिकण्यासाठी उत्तम घड्याळ आहे. १९६९ च्या त्या तिघांपैकी एक, मोठ्या संख्येने बनलेलं, म्हणून आजही सापडतं. अंतराळवीर विल्यम पोग यांनी १९७३-७४ च्या ८४ दिवसांच्या स्कायलॅब मोहिमेत अधिकृत घड्याळाबरोबर आपलं पिवळ्या तबकडीचं ६१३९ नेलं होतं. आता त्याच पिवळ्या तबकडीच्या नव्या नकला इतक्या सुटल्यात की अस्सल तबकडी ओळखायला शिकणं हा एक अभ्यासच आहे. त्या अभ्यासात चूक झाली तर ती परवडते.

जुना क्रोनोग्राफ हातात आला की घाई करू नका. आधी तबकडी आणि काट्यांचा रंग जुळतो का ते बघा, मग भिंगाखाली छपाई. चार टोकांवरचे कोन बोटाने चाचपा. मग वरचं बटण दाबा. काटा निघताना बिचकता किंवा मागे सरकता कामा नये. अर्धा तास तरी चालू द्या, मिनिटांचा काटा ३० च्या पुढे नीट जातो का आणि ओझ्याखाली घड्याळ थांबत नाही ना, हे त्याशिवाय कळत नाही. पुन्हा वरचं बटण, काटा थांबू द्या. चालू असताना खालचं बटण कधीही दाबू नका. आता खालचं दाबा. आत बदामावर हातोडी पडेल. काटा बरोबर बारावर आला पाहिजे, अर्धा सेकंद अलीकडे नाही, पलीकडे नाही. तीन वेळा करून बघा. एकदाही चुकला, तर घड्याळ खाली ठेवून विकणाऱ्याला कारण विचारा, आणि उत्तर ऐकल्याशिवाय पैशांचं बोलू नका.